गोल्फ असोसिएशनचे स्वयंसेवक व्हायचंय? कोर्स रेटिंगला जा

बे एरियात गोल्फ खेळू लागलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. नॉर्दर्न कॅलिफोर्निया गोल्फ असोसिएशनची बरीच कामं बिनपगारी स्वयंसेवक सांभाळतात. स्पर्धेत खेळाडूंना वेळेवर टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, आणणं, स्कोअरकार्ड तपासणं हीसुद्धा गरजेची कामं. पण मैदान वाचायला शिकायचं असेल, तर कोर्स रेटिंगच्या, म्हणजे मैदान किती अवघड ते आकड्यांत ठरवणाऱ्या, टीमसारखी शाळा नाही.

तुमचा स्वतःचा खेळ इथे कामाचा नाही, आणि नवखे अडखळतात ते इथेच. 'मी या वाळूच्या बंकरमध्ये कधीच पडत नाही' या वाक्याला रेटिंगमध्ये जागा नसते. विचार करायचा तो ठरवून दिलेल्या नमुना खेळाडूंचा. पुरुष स्क्रॅच खेळाडूचा, म्हणजे साधारण शून्य हँडिकॅपवाल्याचा (हँडिकॅप म्हणजे मिळणारी फटक्यांची सवलत), पहिला फटका 250 यार्ड, दुसरा 220. पुरुष बोगी खेळाडूचे, म्हणजे साधारण 20 हँडिकॅपवाल्याचे, 200 आणि 170. स्त्रियांसाठी हेच आकडे स्क्रॅचला 210 आणि 190, बोगीला 150 आणि 130.

आता 400 यार्डांचा होल घ्या. स्क्रॅच पुरुषाला दुसऱ्या फटक्यासाठी 150 यार्ड उरतात. बोगी पुरुष दोन फटक्यांनंतरही ग्रीनपासून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून, 30 यार्ड मागे असतो. दोघांचे चेंडू जिथे पडतात त्या प्रत्येक जागी जाऊन बघायचं: फेअरवे (टी ते ग्रीनमधली कापलेल्या गवताची पट्टी) किती रुंद, पाय उतारावर येतात का, पाणी, झाडं आणि बंकर किती दूर. अशा प्रत्येक अडथळ्याला 0 ते 10 गुण. मोजायला रेंजफाइंडर असतो. चढ-उतार, वारा आणि चेंडूचं घरंगळणं यांचा हिशेब वेगळा होतो. तो अडथळ्यांच्या गुणांत मिसळला, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. ही 36 इंची पट्टी. सपाट जागा निवडा, खाचेत चेंडू ठेवा आणि वरचं टोक सावकाश उचला. साधारण 20 अंशांवर चेंडू आपसूक सुटतो. हात हलला, तर ती मोजणी बाद. एका दिशेने तीन चेंडू, मग उलट दिशेने तीन. तिन्ही चेंडू 8 इंचांच्या आत थांबायला हवेत. दोन दिशांच्या सरासरीत दीड फुटापेक्षा जास्त फरक आला, तर जागा उताराची आहे, दुसरी शोधा. सकाळी दव असलं की ग्रीन संथ वाटतं, म्हणून ऐन हंगामातला नेहमीचा वेग आणि रफची, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवताची, उंची मैदानाच्या सुपरिंटेंडंटना आवर्जून विचारा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? बोगी खेळाडूकडून अपेक्षित फटके म्हणजे बोगी रेटिंग, स्क्रॅचकडून अपेक्षित ते कोर्स रेटिंग. पुरुषांसाठी बोगी रेटिंगमधून कोर्स रेटिंग वजा करून 5.381 ने गुणलं की स्लोप मिळतो, म्हणजे बोगी खेळाडूला मैदान स्क्रॅचपेक्षा किती जड जातं त्याचा आकडा. 94.7 वजा 71.2 म्हणजे 23.5, स्लोप 126. पार 72 असेल, तर 18 हँडिकॅप इंडेक्सवाल्याला इथे सवलतीचे 19 फटके मिळतात. चुकीच्या गुणांमुळे स्लोप 135 झाला, तर 21. दोन फटक्यांत सामना फिरतो, आणि हे आकडे पुढच्या रेटिंगपर्यंत, कधीकधी 10 वर्षं, तसेच राहतात.

जाण्याआधी हँडिकॅप इंडेक्स काढून घ्या आणि असोसिएशनकडे रेटिंगच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. पहिले काही दिवस अनुभवी रेटरच्या शेजारी उभं राहून स्वतःचे गुण वेगळ्या कागदावर लिहा आणि फरक पडला की तिथेच, त्याच फेअरवेवर कारण विचारा.