पोलिस स्टेशनची पायरी

२००९ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे घरफोडी झाली. इंग्लंडात येऊन तीन वर्षं झाली होती. संध्याकाळी कामावरून आले तर मागच्या दाराची काच फुटलेली आणि कपाटातले सगळे कपडे पलंगावर. टीव्ही, लॅपटॉप जागच्या जागी होते. गेली ती सासूबाईंनी दिलेली थुशी, पाटल्यांचा जोड आणि माझं मोठं मंगळसूत्र. नवरा म्हणाला, "पोलिसांत कशाला? उगाच ससेमिरा मागे लागेल." मलाही ते पटलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि साताऱ्याला आमच्या घरी पोलिस स्टेशनची पायरीही त्यातच धरलेली होती. रात्रीच मी काचा भरल्या, फरशी पुसली, कपाट आवरलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीने हट्टाने फोन करायला लावला. आलेल्या पोलिस बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण ठसे घेण्यासारखं मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. एकाही दागिन्याचा धड फोटो नव्हता. थुशी कशी असते ते मला कागदावर काढून दाखवावं लागलं. दागिने मिळाले नाहीत. निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या ओळखीत अशी चोरी होऊनही न कळवलेली किती घरं आहेत?" मी आठवायला लागले, तर चार निघाली.

तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढच्या वर्षी मी आमच्या भागातल्या पोलिस स्टेशनच्या काउंटरवर स्वयंसेवक म्हणून बसायला लागले. २०१३ मध्ये स्पेशल कॉन्स्टेबल, म्हणजे फावल्या वेळात बिनपगारी काम करणारी पोलिस, झाले आणि २०१९ पासून पोलिसांचे फोन घेणाऱ्या कंट्रोल रूममध्ये पगारी नोकरी करते आहे. नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना जे पुन्हा पुन्हा सांगते, ते इथे एकदा लिहून ठेवते.

आधी फोनचं. जिवाला धोका असेल, गुन्हा आत्ता घडत असेल किंवा करणारा अजून आसपास असेल, तर ९९९. बाकी सगळ्याला १०१. २०२० पासून तो फोन फुकट आहे. १०१ वर ताटकळावं लागतं हे खरं. त्यामुळे झालेली चोरी, मोडतोड वगैरे पोलिसांच्या वेबसाइटवरून कळवलीत तरी चालते. ९९९ चा फोन आधी ऑपरेटर उचलतो आणि कोणती सेवा हवी ते विचारतो. 'पोलिस' म्हटलं की तो आमच्याकडे येतो. आमचा पहिला प्रश्न असतो, कुठे आहात? आपली माणसं इथे चुकतात. सकाळपासून काय काय झालं ते सगळं सांगतात आणि पत्ता शेवटी देतात. पत्ता मिळाला की पुढचं बोलणं चालू असतानाच गाडी निघू शकते. म्हणून पोस्टकोड पाठ करा, मुलांकडूनही करून घ्या.

इंग्रजी अडत असेल तर 'मराठी' एवढा शब्द पुरे. आम्ही फोनवर दुभाषी जोडतो. 'इंडियन' म्हणू नका, आणि उगाच 'हिंदी'ही म्हणू नका. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्या भाषेत जुळवून घ्यायला लावायचं कशाला? बोलण्यातच धोका असेल तर मोबाइलवरून ९९९ लावा आणि सूचना ऐकू आली की ५५ दाबा. फोन पोलिसांकडे वळतो. पण ५५ दाबल्याने तुमचा पत्ता आपोआप कळत नाही. म्हणून फोन ठेवू नका. आम्ही हो-नाहीचे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं खोकून किंवा बटण दाबूनही देता येतात.

आता सोनं. इथल्या दुकानांत ९ कॅरटचे दागिने सर्रास विकले जातात. आपलं सोनं २२ कॅरटचं, हे चोरांना पक्कं ठाऊक आहे, आणि दिवाळीच्या आसपास आपण ते घरात आणतो हेही. आमच्या भागात दर वर्षी या दिवसांत भारतीय घरांसाठी इशारा निघतो. प्रत्येक दागिन्याचा शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि फोटो घराबाहेर कुठेतरी साठवा. घराचा विमा असला तरी त्यात एका वस्तूसाठी मर्यादा असते. त्यापेक्षा मोलाचा दागिना विम्यात वेगळा नोंदवावा लागतो. आम्ही तो नोंदवला नव्हता. आणि चोरी झालीच तर काही हलवू नका, पुसू नका. तक्रार केली की क्राइम नंबर मिळतो, त्याशिवाय विम्याचं पुढे सरकत नाही. बहुतेक घरफोड्यांचा छडा लागत नाही हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तरीही कळवा. कळवलेल्या चोऱ्यांवरूनच गस्त कुठे घालायची ते ठरतं. आमची ती चार घरं कळवली गेली असती, तर आमच्या गल्लीत आधीच कोणी फिरकलं असतं असं मला आजही वाटतं.

पोलिस किंवा होम ऑफिसच्या (व्हिसा पाहणाऱ्या इथल्या गृहखात्याच्या) नावाने कोणी फोन करून पैसे मागितले, व्हिसा रद्द होईल म्हणून धमकावलं, की फोन ठेवून द्या. पोलिस फोनवरून दंड घेत नाहीत, बँकेतून पैसे काढायला लावत नाहीत, कार्ड न्यायला माणूस धाडत नाहीत. नवीन आलेले विद्यार्थी यात फार फसतात, आणि लाजेपोटी घरी सांगत नाहीत.

गाडी चालवताना मागून निळे दिवे दिसले तर सुरक्षित जागी थांबा आणि गाडीतच बसून राहा. कागद जवळ नसतील तर ७ दिवसांत पोलिस स्टेशनला नेऊन दाखवायला सांगतात. चहापाण्याची भाषा चुकूनही काढू नका. माझ्यासमोर एका सज्जन गृहस्थांनी सवयीने पाकीट उघडलं होतं. माझ्या सहकाऱ्याला कळेना की हे काय चाललंय, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. लाच देऊ करणं हाच इथे मोठा गुन्हा आहे. रस्त्यात झडती घेतली, तर का आणि कशासाठी हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. झडतीच्या नोंदीची प्रत मागता येते, आणि केवळ झडती आहे म्हणून नाव-पत्ता सांगण्याचं बंधन नाही.

अटक झाली किंवा चौकशीला बोलावलं, तर वकील घ्या. पोलिस स्टेशनमधला वकिलाचा सल्ला प्रत्येकाला फुकट मिळतो, पगार कितीही असो. दुभाषीही फुकट. "मी काही केलंच नाही, मग वकील कशाला?" हे वाक्य मी आपल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पोटात गोळा येतो. ज्याने काही केलेलं नाही त्यालाही वकील लागतोच.

घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला मी एवढंच सांगेन. नवऱ्याच्या व्हिसावर आलीस म्हणून तुझा हक्क संपत नाही. धोका असेल तर ९९९. नुसतं बोलायचं असेल, व्हिसाचं काय होईल हे विचारायचं असेल, तर ०८०८ २००० २४७ ही हेल्पलाइन चोवीस तास आणि फुकट आहे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. पोलिसांत स्वतः काम करता येतं हे आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असतं. आपल्याला गृहरक्षक दल ठाऊक आहे; ते १९४६ साली मुंबईतच सुरू झालं. इथली स्पेशल कॉन्स्टेबलची परंपरा त्याहून जुनी, तिचा कायदा १८३१ चा. स्पेशलला पगार नाही, फक्त खर्च मिळतो, पण अधिकार पूर्ण पोलिसाचे. प्रशिक्षण संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालतं. नंतर बहुतेक ठिकाणी महिन्याला किमान १६ तास द्यावे लागतात. शपथ मॅजिस्ट्रेटसमोर असते. सगळ्यांना समान आदर देईन, हे त्या शपथेतच आहे. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद मी लहानपणी साताऱ्यात पोलिसांच्या पाटीवर वाचायचे. शपथ घेताना ते मनात आलं, आणि आवाज कापला.

कामाच्या व्हिसावर असताना स्पेशल होता येत नाही. राहण्यावर कसलंही बंधन नसलेला व्हिसा, म्हणजे कायमचं वास्तव्य, आधी लागतं. शिवाय पार्श्वभूमीची कसून तपासणी होते आणि त्यासाठी बहुधा इथे तीन वर्षं राहिलेलं असावं लागतं. तोवर नेबरहुड वॉचमध्ये, म्हणजे परिसरावर नजर ठेवणाऱ्या शेजाऱ्यांच्या गटात जा. मुलं तेरा वर्षांची झाली की पोलिस कॅडेटमध्ये घाला. माझी मुलगी तिथे जाऊन चारचौघांत बोलायला शिकली.

आणि पोलिसांवर विश्वासच नसेल तर? तुमच्यासारख्यांसाठीही काम आहे. १९८१ च्या लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या दंगलीनंतर चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांनी अहवालात सुचवलं की सामान्य नागरिकांनी न सांगता कोठड्यांना भेट द्यावी. आज हे कस्टडी व्हिजिटर जोडीने कधीही दारात उभे राहतात, कोठडीतल्या माणसाशी बोलतात, जेवण मिळालं का, वकिलाला कळवलं का ते पाहतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावरचा मॅकफर्सन अहवाल १९९९ चा, लंडन पोलिसांवरचा केसी अहवाल २०२३ चा. दोन्हींत वंशभेदाबद्दल जे लिहिलंय ते मी वाचलंय, आणि एका शिफ्टला माझ्या उच्चारांची नक्कल करणारा सहकारीही पाहिलाय. मी सार्जंटकडे तक्रार केली, आणि त्याला माझी माफी मागावी लागली. मी तिथे नसते, तर पुढच्या खेपेला त्याने काउंटरवर आलेल्या एखाद्या आजींची नक्कल केली असती.

आजींवरून एक आठवलं. गेल्या जानेवारीत कंट्रोल रूममध्ये शेजारच्या टेबलावरून मला हाक आली, "ही बाई मराठी म्हणतेय." पलीकडे एक आजी होत्या, लेकीकडे पाहुण्या आलेल्या. लेक-जावई कामावर, आजोबा चारला फिरायला बाहेर पडलेले. अंधार पडला तरी परत नाहीत. मोबाइल घरातच. "चोवीस तास झाल्याशिवाय तुम्ही लिहून घेत नाही ना?" असं आजी रडत विचारत होत्या. असा काही नियम नाही. आम्ही लगेच लिहून घेतलं. दीड तासाने आजोबा सापडले, घरापासून तीन गल्ल्या पलीकडे, बस थांब्यावर. सगळी घरं सारखी, सगळी दारं सारखी, आणि विचारायचं तर कुणाला?

आई-बाबा येणार असतील तर पहिल्याच दिवशी त्यांच्या कोटाच्या खिशात पत्ता, पोस्टकोड आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. स्वेटरमध्ये नको, तो धुवायला टाकला की चिठ्ठीही जाते.