शोधप्रबंधाच्या शीर्षकात ‘परिणाम’ लिहिताय? आधी या चुका टाळा

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्याचे प्रबंध चाळायला घेतले की एक साचा हटकून सापडतो : ‘मोबाइलच्या अतिवापराचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम : एक अभ्यास’. आत बघावं तर एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली आणि दोन मापन्यांच्या गुणांमधला सहसंबंध, म्हणजे एकाचे गुण बदलतात तेव्हा दुसऱ्याचेही किती बदलतात, तेवढंच. व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतात, “परिणाम कशावरून?” आणि विद्यार्थी गाईडकडे बघतो.

आकडेमोड बहुतेकदा बरोबर असते. घोळ असतो तो अभ्यास एका पद्धतीचा आणि निष्कर्ष दुसऱ्याच पद्धतीचा, यात. खालच्या बऱ्याच चुका फिरून याच जागी येतात.

सहसंबंध हातात, दावा कारणाचा

मोबाइल जास्त वापरणाऱ्यांची चिंता जास्त निघाली. यातून मोबाइलने चिंता वाढली असेल, चिंताग्रस्त मुलं मोबाइलकडे वळली असतील, किंवा घरातल्या कटकटींनी दोन्ही वाढवलं असेल. एकदाच गोळा केलेला डेटा या तिन्हींत निवड करू शकत नाही. रिग्रेशन (एका घटकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याचं गणित) लावलं, तक्त्यात मोबाइलपुढे ‘प्रेडिक्टर’ छापून आलं, म्हणून तो कारण होत नाही.

स्टॅनफर्डमधले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमेलो प्रयोगाचं उदाहरण बघा. गोड खाऊ समोर ठेवून थांबायला सांगितल्यावर जी मुलं जास्त वेळ थांबली, ती पुढे अभ्यासात सरस ठरली, असा पाठपुरावा 1990 मध्ये आला आणि ‘संयम शिकवा, यश मिळेल’ असा त्याचा अर्थ जगभर लावला गेला. 2018 मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी 900हून अधिक मुलांच्या माहितीवर हाच संबंध तपासला. तो मूळच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, मुलाची आधीची बौद्धिक क्षमता असे घटक हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळून गेला.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करायला हवा. सिनॉप्सिस (संशोधनाचा आधी सादर करायचा आराखडा) मंजूर व्हायच्या आधीच ‘परिणाम’च्या जागी ‘यांच्यातील संबंध’ लिहा. कारणच शोधायचं असेल तर कोणाला काय द्यायचं हे आपल्या हातात हवं आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून व्हायला हवी. प्रबंध टाइप झाल्यावर शीर्षक बदलायचं म्हणजे पुन्हा समितीच्या सह्या.

एकच गट, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी

एम.एड.च्या प्रबंधांचा हा सर्वात लाडका आराखडा, आणि सर्वात जास्त फसवणाराही. वर्गाची चाचणी घ्यायची, तळाची 30 मुलं निवडायची, त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा कार्यक्रम घ्यायचा आणि पुन्हा चाचणी. गुण वाढतात, टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) सार्थ येते, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, कार्यक्रम परिणामकारक ठरतो.

आता कार्यक्रम न घेताच त्या 30 मुलांची पुन्हा चाचणी घेतली असती तर? तरीही गुण वाढले असते. एका दिवसाच्या चाचणीत तळाला गेलेल्यांत खरोखर कच्ची मुलं असतात, तशीच त्या दिवशी ताप असलेली, न वाचलेल्या धड्यावरच प्रश्न आलेली मुलंही असतात. दुसऱ्या वेळी त्यांचं नशीब तितकं वाईट नसतं, त्यामुळे गटाची सरासरी आपोआप मधल्या बाजूला सरकते. यालाच सरासरीकडे प्रतिगमन म्हणतात. निवड जितकी टोकाची, तितकं हे सरकणं मोठं. शिवाय सहा आठवड्यांत मुलं मोठी होतात, शाळेत तोच धडा शिकवून होतो आणि प्रश्नपत्रिकाही ओळखीची झालेली असते.

याचं सर्वात बोधक उदाहरण शाळेतलं नाही, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या रस्त्यांवरचं आहे. 1955 मध्ये तिथे अपघातांत 324 लोक मेले. गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ यांनी वेगमर्यादा मोडणाऱ्यांविरुद्ध कडक मोहीम काढली, आणि 1956 मध्ये मृत्यू 284 वर आले. राज्य सरकारने श्रेय घेतलं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल आणि समाजशास्त्रज्ञ लॉरेन्स रॉस यांनी 1968 मध्ये आधीच्या आणि नंतरच्या वर्षांचे, तसंच शेजारच्या राज्यांचे आकडे बाजूबाजूला मांडले. 1955 हे वर्षच विलक्षण वाईट होतं. मोहीम निघाली तीच त्यामुळे! अशा वर्षानंतर आकडा थोडाफार खाली येणारच होता. त्यामुळे ही घट मोहिमेची, असं छातीठोकपणे सांगता येईना.

तुमच्या प्रबंधात याची दुरुस्ती अशी :

- शक्य असेल तर दुसरा गट घ्या. “त्यांच्यावर अन्याय होतो” अशी मुख्याध्यापकांची तक्रार आली तर त्या गटाला तोच कार्यक्रम नंतर द्या. तोवर तो नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठीचा, कार्यक्रम न मिळालेला गट.
- दुसरा गट मिळतच नसेल तर कार्यक्रमाआधी एकाऐवजी तीन-चार मोजमापं घ्या. गुण आधीपासूनच चढत होते का, ते दिसतं.
- तळाची मुलं पहिल्या चाचणीवरून निवडा, पण तुलनेसाठी आधारभूत गुण दुसऱ्या, स्वतंत्र चाचणीचे घ्या. बरंचसं प्रतिगमन या दोन चाचण्यांच्या मध्येच होऊन जातं.

आणि एक : ‘अ’ तुकडी प्रायोगिक, ‘ब’ तुकडी नियंत्रित, असं करू नका. बऱ्याच शाळांत तुकड्या टक्क्यांवर पाडतात, हे परीक्षकांनाही माहीत असतं. तयार तुकड्याच घ्याव्या लागल्या तर आराखड्याला अर्धप्रायोगिक म्हणा, आणि दोन्ही तुकड्यांचे पूर्वचाचणीचे गुण पहिल्याच तक्त्यात दाखवा.

अल्फा कमी आला, म्हणून प्रश्न उडवणं

“अल्फा 0.31 येतोय, कोणते प्रश्न काढू?” रात्री उशिरा येणारा हा ठरलेला मेसेज. अल्फा म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. आधी काहीही काढू नका. उलट गुणांकनाचे प्रश्न उलटे केलेत का ते बघा.

रोझेनबर्ग यांची 1965ची आत्मसन्मान मापनी घ्या. दहा विधानं, पाच होकारार्थी, पाच नकारार्थी, उत्तरं 1 ते 4. नकारार्थी विधानांचे गुण 5मधून वजा करायचे असतात : 4चा 1, 3चा 2. हे राहिलं की अर्धी मापनी उरलेल्या अर्ध्या मापनीच्या विरुद्ध जाते आणि अल्फा पार कोसळतो, कधी उणेसुद्धा येतो. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये ‘करेक्टेड आयटम-टोटल कोरिलेशन’चा (प्रत्येक विधानाचा बाकीच्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध) स्तंभ उघडा. उणे चिन्हांची ओळच दिसली तर रोग सापडला.

उलटं करूनही एखादंच विधान अडत असेल तर भाषांतर बघा. याच मापनीतलं आठवं विधान, स्वतःविषयी अधिक आदर वाटायला हवा होता अशा अर्थाचं, अनेक देशांत नीट चालत नाही. 53 देशांच्या 2005मधल्या तुलनेतही ते खटकलं होतं. मराठीत ‘मला काहीच जमत नाही असं मला वाटत नाही’ छापाची दुहेरी नकाराची वाक्यं ग्रामीण काय, शहरी विद्यार्थीही चुकीची वाचतात. पाच-सात जणांना समोर बसवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत ऐका. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर करून घ्या, तेही याच्या जोडीला.

अल्फा 0.90 आला म्हणूनही खूश होऊ नका. एकच गोष्ट दहा वेगळ्या शब्दांत विचारली तरी तो आकडा येतो. मापनी आत्मसन्मानच मोजते की नुसता आशावाद, हा वैधतेचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर इतर मापन्यांशी असलेल्या संबंधांतून मिळतं.

गुगल फॉर्म व्हॉट्सअॅपवर सोडला आणि ‘यादृच्छिक नमुना’ लिहिलं

यादृच्छिक नमुन्यात प्रत्येकाची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. तुमचा, जे सहज सापडले त्यांचा, सोयीस्कर नमुना आहे, तसंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही. खोटं लिहिण्यात आहे.

“पण मॅडम, हजार जणांनी भरलाय!” 1936 मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि अंदाज निघाला की अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन जिंकणार. 48पैकी 46 राज्यं रूझवेल्टनी जिंकली. पत्ते बहुतांशी टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले, शिवाय उत्तर पाठवणारे लोकही वेगळ्या कलाचे. नमुना एका बाजूला झुकलेला असेल तर संख्या वाढवल्याने तो सरळ होत नाही.

ज्याला निकाल हवा, त्यानेच गुण देणं

बर्लिनमधला ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा खुराने टापा देत गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, आणि घोडा ती टिपायचा. निबंध, मुलाखती, वर्तनाची निरीक्षणं यांना गुण देताना कागदावर फक्त सांकेतिक क्रमांक ठेवा आणि तपासायला अशा माणसाला द्या, ज्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नाही.

जाता जाता : मर्यादांमध्ये ‘हॉथॉर्न परिणाम’ (आपल्यावर लक्ष आहे हे कळलं की माणसं वेगळं वागतात) हे दोन शब्द डकवून मोकळं होणं थांबवा. दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, ही शिकागोजवळच्या कारखान्याची गोष्ट लेव्हिट आणि लिस्ट यांनी 2011 मध्ये मूळ आकडे मिळवून तपासली. पाठ्यपुस्तकांतल्यासारखी ती तिथे दिसलीच नाही.

काहीतरी सार्थ येईपर्यंत चाचण्या

लिंग, शाखा, ग्रामीण-शहरी, वय, पालकांचं शिक्षण, त्यात चार उपमापन्या. अशा 20 स्वतंत्र तुलना 0.05 पातळीवर (म्हणजे फरक नसतानाही शंभरात पाचदा ‘सार्थ’ येऊ शकतं, हे मान्य करून) केल्या आणि मुळात कुठेच फरक नसला, तरी एखादी तरी सार्थ निघण्याची शक्यता 64 टक्के. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी 2011 मध्ये दाखवलं की विश्लेषणातल्या अशा चार निरुपद्रवी वाटणाऱ्या मोकळिकी एकत्र घेतल्या तर खोट्या निकालाचं प्रमाण 5 वरून 60 टक्क्यांच्या वर जातं. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्के सार्थ होते, पुनरावृत्तीत 36 टक्केच.

यावर उपाय पूर्वनोंदणीचा, म्हणजे काय तपासणार ते डेटा बघायच्या आधीच लिहून ठेवण्याचा. त्यासाठी आपल्याकडे आयता कागद आहे : सिनॉप्सिस. तारीख, सही-शिक्का सगळं असतं. गृहीतकं आणि कोणती चाचणी कशावर, हे त्यात लिहा. नंतर सुचलेल्या तुलना जरूर करा, पण त्यांना वेगळं उपशीर्षक द्या.

डेटा गोळा होऊन गेला असेल तर

पुन्हा गोळा करणं बहुतेकांना परवडत नाही. मग मर्यादांचं प्रकरण मनापासून लिहा. ‘वेळ व पैशाअभावी नमुना लहान होता’ हे वाक्य परीक्षक वाचतसुद्धा नाहीत. धोका कोणता आणि त्याने निकाल कुठल्या बाजूला ढकलला असेल, ते सांगा. उदाहरणार्थ : ‘विद्यार्थ्यांची निवड पूर्वचाचणीतील कमी गुणांवरून केली आणि नियंत्रित गट नव्हता. त्यामुळे दिसलेल्या वाढीचा काही भाग सरासरीकडे प्रतिगमनाचा असू शकतो आणि कार्यक्रमाचा खरा परिणाम तक्ता क्र. 4 मधील आकड्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.’ आणि मग हाच सूर गोषवाऱ्यातही ठेवा, कारण परीक्षक आधी तोच उघडतात.