रेपो काढताय? किल्ली किती जणांकडे आहे ते आधी सांगा

कऱ्हाडच्या एका मुलाचा परवा फोन आला. "दादा, आम्हीपण शाळांसाठी रेपो काढतोय, माणसं जमवायचीत, तयारी काय काय लागते?" रेपो म्हणजे सॉफ्टवेअरच्या पॅकेजांचं ऑनलाइन कोठार, शाळेतले लिनक्सचे संगणक तिथून ती उतरवून घेतात. फोनवर सांगताना निम्मं राहिलं, म्हणून लिहून काढतोय. हा उद्योग मी सांगलीत एकदा केलाय आणि एकदा बुडवलाय. बुडवलाय म्हणजे खरोखरच पाण्यात.

सोप्या गोष्टी आधी उरकतो. सर्व्हर स्वस्तातला चालतो. ॲप्ट म्हणजे लिनक्सवर पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, त्याचा रेपो म्हणजे शेवटी नीट मांडलेल्या फाइलीच असतात. मांडायला रेप्रेप्रो नाहीतर ॲप्टली हा प्रोग्राम घ्या, त्यावर वाद घालत बसू नका. लायसन्स प्रत्येक पॅकेजचं वेगळं तपासा, फाँटचं तर दोनदा. "नेटवर फुकट होता" म्हणजे तो पुढे वाटायची परवानगी मिळाली असं होत नाही. रीडमी, म्हणजे सोबतची माहितीची फाइल, मराठीत लिहा. झालं.

आता किल्ली. इंग्रजीत साइनिंग की म्हणतात. मी किल्ली म्हणतो, कारण मराठीत 'की' लिहिलं की वाक्याचा घोळ होतो. रेपोतल्या पॅकेजांच्या यादीवर जीपीजी या डिजिटल सहीच्या प्रोग्रामच्या खाजगी किल्लीने सही होते. शाळेतल्या प्रत्येक संगणकावर तिची सार्वजनिक जोडीदार बसवलेली असते, आणि सही जुळली तरच ॲप्ट पुढे सरकतं. म्हणजे सगळा कारभार त्या एका फाइलीवर. ती फाइल माझ्या लॅपटॉपवर होती. फक्त माझ्या लॅपटॉपवर.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात, तळमजला. भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, तिच्या वरच्या फळीवर लॅपटॉप ठेवला आणि आईला घेऊन निघालो. खुणेच्या वर ठेवलंय म्हटल्यावर काळजी कसली? परत आलो तेव्हा फळीवर चिखल होता आणि लॅपटॉप उघडल्यावर त्यातून पाणी सांडलं. बॅकअप होता हो. पेनड्राइव्हवर. त्याच कपाटात, खालच्या खणात.

गंमत अशी की रेपो चालूच होता. सर्व्हर परदेशात कुठेतरी कोरडा ठणठणीत. नवीन पॅकेज काढायची शुद्ध तेव्हा कुणाला होती, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग जानेवारीत किल्लीची मुदत संपली. तासगावच्या एका शाळेतून बाईंचा फोन आला, "सर, अपडेट करताना तुमचं सही-बिही काहीतरी चुकतंय म्हणतोय, व्हायरस आहे का?" मुदत वाढवता येते, पण त्याला तीच खाजगी किल्ली लागते. नवी किल्ली पॅकेजमधूनच सगळीकडे पोचवता येते, डेबियन ही मोठी लिनक्स प्रणाली आपल्या आर्काइव्ह-कीरिंग पॅकेजमधून तेच करते. पण ते पॅकेज पोचवणाऱ्या यादीवर जुन्या किल्लीची सही लागते. ती तर गाळात गेलेली. मग एसटीने तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, एकेक लॅब, एकेक संगणक. पेनड्राइव्ह लावायचा, नवी किल्ली बसवायची, पुढच्या खुर्चीवर सरकायचं.

तेव्हा तयारीच्या यादीतली खरी गोष्ट एवढीच: किल्ली दोघांकडे, दोन घरांत, आणि त्यातलं एक घर नदीपासून लांब. हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. २००५ ला पाणी शिरलं आणि पेवंच्या पेवं गेली. आपल्या गावाला हे कुणी शिकवायला नको होतं, तरी मी एकाच पेवात सगळं ठेवलं. मुख्य किल्ली ऑफलाइन ठेवा, रोजच्या सहीला उपकिल्ली वापरा. पेपरकी नावाचा प्रोग्राम आहे, तो खाजगी किल्ली कागदावर छापण्याजोगी करून देतो. ती छापा, पाकिटात घाला. रद्द करायचं प्रमाणपत्र त्याच वेळी काढून ठेवा, किल्ली हरवल्यावर ते काढता येत नाही. मुदतीची तारीख दोघांच्या मोबाइलमध्ये, महिनाभर आधीच्या गजरासकट. आणि डोमेनचं नूतनीकरण, कोड ठेवलेल्या खात्याचं लॉगिन, ओटीपी कुठल्या सिमवर येतो, रिकव्हरी कोड कुठे आहेत, हे सगळं किल्लीच. माझा फोनही त्या पुरात गेला होता.

नुसती किल्ली देऊन भागत नाही. एका रविवारी तुमचा लॅपटॉप मिटून ठेवा आणि दुसऱ्याला एक पॅकेज पहिल्यापासून शेवटपर्यंत काढायला लावा. तुम्ही चहा प्या, बोलू नका. अडला तर तुमच्याकडे दुसरी किल्ली नाही, दुसरी फाइल आहे.

दुसरा कोण? शेवटच्या वर्षाचा हुशार विद्यार्थी नको. तोच सगळ्यात जास्त काम करतो, मान्य, पण जूनमध्ये पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातो आणि दिवाळीपर्यंत त्याचा पासवर्ड त्यालाच आठवत नाही. गावात राहणारा माणूस बघा. आणि घाईने गळ्यात पडणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण वाचा. देखभाल करणारा माणूस थकलेला, एकटा. जिया टॅन नाव लावलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवून विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएचने दूरच्या संगणकात लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून सापडलं. एकट्यावर भार टाकला की हेही होतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी मरण, पण ज्याच्या घरी जेवून आलोय त्याला किल्ली द्यायला हरकत नाही.

माणसं जमवणं. सगळे कोड लिहिणारेच शोधतात, मीही शोधले. आमच्या फाँट-पॅकेजमधला सगळ्यात मोठा दोष मात्र काढला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांनी. प्रूफ घेऊन आले आणि म्हणाले, "वराकडचे कऱ्हाडचे आहेत, आणि हे बघा तुमचं कर्हाड." ऱ्ह चा तो खालचा अर्धचंद्र जाऊन वर रफार बसला होता. आम्ही चार इंजिनिअर महिनाभर तो फाँट वापरत होतो, एकाच्याही डोळ्याला दिसलं नाही. तेव्हा छापखानेवाले, शाळेतल्या बाई, सायबर कॅफेवाला यांना आधी बोलवा. त्यांनी तक्रार तोंडी सांगितली तर ती तुम्ही लिहून घ्या. त्यांना फॉर्म भरायला लावू नका. पळून जातात.

पहिल्यांदा पॅच पाठवणाऱ्याला दोन दिवसांत उत्तर. 'बघतो' एवढं लिहिलं तरी चालेल. विश्रामबागच्या एका मुलीचा पॅच मी तीन आठवडे तसाच ठेवला होता. चांगला होता. ती परत आली नाही. पहिलं काम लहान द्या: वर्णनाचं भाषांतर, लिंटियन या पॅकेज तपासणाऱ्या प्रोग्रामने दाखवलेली एखादी चूक. आणि वरची वाट दाखवा. आपल्या रेपोत चांगलं निघालेलं पॅकेज डेबियनमध्ये पाठवायला लावा. तिथे आधी इरादा नोंदवायचा, मग अधिकार असलेला एखादा डेव्हलपर तपासून ते चढवतो. २०२३ चं डेबकॉन्फ कोचीला झालं, म्हणजे ही माणसं आपल्यापासून काही चंद्रावर नाहीत.

रविवारची बैठक. एक्स्टेन्शन बोर्ड तीन न्या, हॉलवाला "आहेत" म्हणतो ते ऐकू नका. वीस जणांनी एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट चालू केलं की संपलं, तेव्हा एका लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी हा पॅकेजं साठवणारा प्रोग्राम आदल्या रात्री भरून न्या. एकदा उतरलेलं पॅकेज सगळ्यांना तिथूनच मिळतं. भडंग न्या, पण कीबोर्डपासून लांब, तेलाचे हात.

पॅकेज काढून टाकायचा नियम आधी लिहा. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या रेपोवरून काढलं आणि जगभरचे बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवायची कामं, कोसळले. आपल्याकडे फार तर एक लॅब कोसळेल, पण परीक्षेच्या दिवशी कोसळेल.

बाकी वागणुकीचे नियम, आवृत्त्यांचे आकडे, जाहिरात. जाहिरात मे महिन्यात करू नका, शाळा बंद असतात. लोगोवर एका बैठकीपेक्षा जास्त वेळ नको.

आणि ते पाकीट. आमचं आता मिरजेला मावशीकडे दुसऱ्या मजल्यावर आहे, देवघराच्या वरच्या कप्प्यात, वर तारीख आणि "फेकू नये". मागच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिने ते जवळजवळ फेकलंच होतं, म्हणून आता दर दिवाळीला आधी फोन करतो.