तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात घरच्या घरी कशी ओळखावी

तोंड आलं की आपण म्हणतो, उष्णता वाढली. मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, वरून जेल, रात्री गुलकंद. तरीही जखम भरली नाही तर गोळ्यांची आणखी एक पट्टी. यात महिने जातात. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे आणि त्याचे बहुतेक रुग्ण दवाखान्यात उशिरा पोहोचतात. मुख्य अडचण अशी की सुरुवातीला तो बहुधा दुखतच नाही. साधं तोंड आलं तर तिखट घास गिळवत नाही, आणि हा मात्र गालाच्या आत मुकाट्याने वाढत राहतो. म्हणून दुखायची वाट न बघता महिन्यातून एकदा आपलं तोंड आपणच तपासावं.

तंबाखू, खर्रा, मावा, गुटखा, बिडी-सिगारेट, दारू यांपैकी कशाचीही सवय असेल, तर हे चुकवूच नये. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोका कितीतरी वाढतो. मिसरी लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखूवाल्यांत धरत नाहीत. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘मी नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरला कारण ठरते, हे सिद्ध झालेलं आहे.

तयारी. आरसा, भरपूर उजेड किंवा मोबाइलची बॅटरी, आणि एक स्वच्छ रुमाल. हात धुवा, चूळ भरा. कवळी असेल तर काढून ठेवा, कारण तिच्याखालची जागा एरवी कुणी बघत नाही.

१. चेहरा आणि मान. आरशात दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते बघा. जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलकेच चाचपा. सर्दी-घशाच्या दिवसांत गाठ येते आणि जाते. कडक, न दुखणारी आणि तीन आठवड्यांनंतरही तशीच असलेली गाठ डॉक्टरांना दाखवायची.

२. ओठ. खालचा आणि वरचा ओठ उलटा करून आतली बाजू बघा.

३. गाल आणि हिरड्या. इथे घाई करू नका. तंबाखूचा बार जिथे धरला जातो, ती गाल आणि खालच्या हिरडीमधली खाच हीच आपल्याकडे या कॅन्सरची नेहमीची जागा आहे. बोटाने गाल बाहेर ओढून अगदी मागच्या दाढेपर्यंत उजेड टाका. निरोगी अस्तर गुलाबी, ओलसर आणि मऊ असतं. पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा दिसतो का? मखमलीसारखा लालभडक चट्टा आहे का? लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. मग बोटाने चाचपून बघा. जखमेची कड टणक लागली किंवा हात लावताच रक्त आलं, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

४. जीभ. जिभेचं टोक रुमालात धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढा. जिभेच्या कडा नीट बघा. टोकदार किंवा तुटका दात एकाच जागी सतत घासत असेल तर दंतवैद्याकडून तो गुळगुळीत करून घ्या. त्यानंतरही दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर दोष दाताचा मानून स्वस्थ बसू नका.

५. जिभेखाली आणि टाळू. जीभ टाळूला लावून खालचा भाग बघा, मग मान मागे टाकून टाळू.

६. तीन बोटं. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. ती शिरत नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल आणि गालात ताठ पट्टे हाताला लागत असतील, तर सुपारीमुळे आतलं अस्तर आखडत चाललंय. हा अजून कॅन्सर नव्हे. पण त्याच वाटेवरचा आजार आहे आणि आता तो अगदी तरुण मुलांमध्येही दिसतो.

आरशात न दिसणारी लक्षणंही आहेत: दात उगाच हलू लागणं, काढलेल्या दाताची जागा न भरणं, नेहमीची कवळी अचानक न बसणं, ओठ किंवा जीभ बधिर होणं, गिळताना अडकणं, एकाच कानात दुखणं, आवाज बदलणं.

काही वेगळं दिसलं तर मोबाइलवर फोटो काढा, तारीख आपोआप राहते. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे, याहून जास्त टिकलेली कोणतीही जखम किंवा चट्टा दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंडाची तपासणी होते, त्यामुळे जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. स्वतः केलेली तपासणी त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली, आणि तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

डॉक्टर बायोप्सी सांगतील तेव्हा घाबरू नका. ‘तुकडा काढला की पसरतो’ ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसं हातची वेळ घालवतात. जागा बधिर करून लहानसा तुकडा काढतात, त्याशिवाय निदान पक्कं होत नाही. सगळेच चट्टे कॅन्सरचे निघत नाहीत. निघालाच, तर लहान असताना अनेकांना एका शस्त्रक्रियेवर भागतं. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा.

बार सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन मोफत आहे. तंबाखू सुटली की काही पांढरे चट्टे आपोआप फिके होत जातात. आखडलेलं तोंड मात्र आपोआप पूर्ववत होत नाही, त्यासाठी उपचार लवकर सुरू करावे लागतात.