बाळ घरी आल्यावरचा सव्वा महिना : आम्ही केलेल्या चुका तुम्ही टाळा

रात्री पावणेतीनला मी ओट्यापाशी उभा राहून वहीत लिहीत होतो : '२.१०, डावी बाजू, १२ मिनिटं, शू १.' ऑफिसात दिवसभर तक्ते भरायची सवय, ती घरी आली. बाहेरच्या खोलीत सासूबाई जाग्याच होत्या. म्हणाल्या, "अहो, वहीत लिहून पोर वाढत नाही. आत तिला प्यायला गरम पाणी नेऊन द्या आधी."

बायको माहेरी न जाता इथेच राहिली, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचं सगळं मी जवळून पाहिलं. आता मागे वळून बघतो तेव्हा आमच्या बहुतेक चुका एकाच जातीच्या दिसतात. बाळाला सारखं काहीतरी 'करायचं', आणि बाळंतिणीकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. बाळाला लागतं ते दूध, ऊब, झोप आणि स्वच्छ हात. बाकीची यादी मोठ्यांनी केलेली असते.

"दूध पुरत नाही वाटतं"

हे वाक्य घरात ज्याला सुचेल त्याने गिळून टाकावं. चौथ्या दिवशी संध्याकाळी सहा ते दहा बाळ सारखं प्यायला मागत होतं. शेजारच्या काकू डोकावल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "डबा सुरू करा." बायको रडायला लागली. मी चपला घालून मेडिकलकडे निघालोही होतो.

खरं तर नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, आणि संध्याकाळी सलग तीन-चार वेळा मागणं अगदी नेहमीचं आहे. पोट भरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोटावरून ठरवा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट नीट ओले होत असतील, शी काळी जाऊन पिवळी झाली असेल, तर दूध मिळतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर मात्र डॉक्टरांकडे जा.

वरचं दूध दिलं की बाळ तेवढं कमी ओढतं आणि ओढणं कमी झालं की अंगावरचं दूधही कमी होतं. मग काकू म्हणतात, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आमची खरी अडचण वेगळीच निघाली. बाळ फक्त बोंडशी चोखत होतं, त्यामुळे बायकोला चिरा पडल्या होत्या. दवाखान्यातल्या सिस्टरने दाखवलं : बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं, हनुवटी छातीत रुतलेली आणि बोंडशीभोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात. दोन दिवसांत फरक पडला. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतला पिवळसर चीक चमचाभर दिसतो म्हणून पिळून टाकू नका, बाळाला तेवढाच पुरतो.

चाटवणं, पाजणं, घालणं

मध नको, वर्षभर नको. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, आणि सोन्याची अंगठी बुडवून दिला तरी मध तो मधच. पाणी सहा महिने नको, उन्हाळा असला तरी. गुटीवरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता. सहाणेवर उगाळलेल्या त्या थेंबांतून जंतू पोटात जायला वेळ लागत नाही, हे शेवटी डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर आजी मानल्या. डोळ्यांत काजळ नको. आजींना फारच वाटलं तर तीट पायाला लावू द्या.

मालिशवाल्या मावशी

मावशी हाताने फार चांगल्या. बाळ त्यांच्या पायांवर निवांत पडायचं. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटीत बोट बुडवून नाकात तेलाचा थेंब सोडला आणि बाळ ठसकलं. तेल श्वासात गेलं तर फुप्फुसाला त्रास होतो. नाक, कान आणि बेंबी या तीन जागा तेलाला बंद, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाळ कोरडी ठेवा, ती एक-दोन आठवड्यांत आपोआप पडते. नवजात बाळाची छाती कधी फुगलेली दिसते, मुलगा असला तरी. तो आईच्या हार्मोन्सचा परिणाम असतो. ती दाबून 'दूध काढायचं' नाही, त्याने गळू होतं. टाळू भरा, पण हलक्या हाताने.

शेगडी आणि धुरी यांवर मी ठाम राहिलो. बंद खोलीत कोळसा पेटवला की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. वेखंड-ओव्याचा वास आपल्याला कितीही घरचा वाटला तरी त्या धुरात बाळाला श्वास घ्यायचा असतो.

झोपवताना उताणंच. मोहरीची उशी, लोड, मऊ गोधड्यांचा ढीग पाळण्यात नको. दुपटं गुंडाळा, पण पाय हलतील इतकं सैल.

बाळंतीण

डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर वेळेवर येत होती. झोप मात्र कुणी आणून देत नव्हतं. "पाणी कमी पी, पोट सुटेल" असं सांगणाऱ्या तिघीजणी भेटल्या. दूध पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, तिला हवं तेवढं पिऊ द्या. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात, त्या आमच्याकडे कपाटातच राहिल्या होत्या.

वही बंद करून मी एकच काम घेतलं : पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पहाटे पाच ते आठ बाळ माझ्याकडे. ते तीन तास तिला सलग मिळायला लागले तेव्हा ती माणसांत आली. पहिले दहा-पंधरा दिवस उगाच रडू येणं साहजिक आहे. दोन आठवड्यांनंतरही बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपल्यावरही झोप येत नसेल, तर "सगळ्याच बायांना होतं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. मराठीतही बोलता येतं.

थांबायचं नाही, निघायचं

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा अंग गार पडणं. पिणं सोडणं. मिनिटाला साठाहून जास्त श्वास. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली. काविळीला कोवळ्या उन्हात धरणं हा उपचार नाही. आईचं पॅड तासाभरात भिजत असेल तर तिलाही लगेच न्या. गाडीसाठी १०८.

आणि संध्याकाळचं ते गळा काढून रडणं? दोन आठवड्यांपासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी रडतंय आणि तुमचा संयम सुटतोय, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जा. हलवून, झटकून गप्प करायचं नाही.

आशाताई घरी येतात, त्यांना दारातून चहा देऊन परत पाठवू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांची फेरी असते, वजनाचा काटा बरोबर असतो.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. बारसं राहिलंय म्हणून अडून बसू नका, नाव नंतरही घालता येतं. दाखला हातात आला की तिथेच खिडकीपाशी उभं राहून आईच्या नावाचं स्पेलिंग वाचा. आम्ही घरी येऊन वाचलं, आणि ते दुरुस्त करायला मला तीन अर्ध्या रजा पडल्या.