पिल्लू घरी येण्याआधी घर आवरताय? या चुका टाळा

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की पहिली धाव दुकानाकडे असते. पट्टा, स्टीलचे वाडगे, मऊ गादी, दाबलं की चूं करणारं खेळणं. खरेदी झाली की घर तयार झालं असं वाटतं. गेल्या पावसाळ्यात फ्रिजमागे सरकवलेला उंदराच्या औषधाचा केक मात्र तिथेच असतो. तो खाण्याजोगा लागावा म्हणूनच बनवलेला असतो आणि पिल्लाचं नाक फरशीपासून वीतभर उंचीवर असतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी टॉर्च घेऊन फरशीवर बसा आणि प्रत्येक कपाटाखाली बघा.

अख्खं घर मोकळं सोडणं

सगळा टू बीएचके सुरक्षित करायला गेलात तर दमाल, आणि काहीतरी राहीलच. त्यापेक्षा एक खोली किंवा हॉलचा एक कोपरा पक्का करा, बाकी घर सध्या बंद. आपल्याकडे स्वयंपाकघराला बहुतेकदा दार नसतं. तिथे लहान मुलांसाठी मिळतं ते गेट लावा. प्लायची फळी आडवी लावली तरी दोन महिन्यांच्या पिल्लाला पुरते, फक्त ती बांधून ठेवा, नाहीतर त्याच्याच अंगावर पडायची. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकत राहणं वाढत्या सांध्यांना चांगलं नाही. सतरंजी स्वतःच घसरते, म्हणून रबरी मॅट घाला.

ही आवराआवर एकदा करून भागत नाही. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडून 42 पक्के दात येऊ लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि तोवर साहेब सोफ्यावरही चढायला शिकलेले असतात. पहिल्या आठवड्यात जी उंची सुरक्षित होती, ती आता राहिलेली नसते.

‘एवढंसं दिलं तर काय होतंय?’

माझ्या मते मराठी घरातला सगळ्यात मोठा धोका या वाक्यात आहे. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, शेवयांच्या खिरीत असतात, गणपतीतल्या पंचखाद्यातही बरेच जण घालतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले की त्रास होईल, याचा हिशेब बसत नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोडक्यातच आजारी पडतं. बेदाणा म्हणजे आटलेलं द्राक्ष, त्यामुळे तो जास्त घातक. यामागे टार्टारिक आम्ल असावं असा अलीकडचा अंदाज आहे आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा तासगावहून आलेली बेदाण्याची पिशवी आणि चिंचेची बरणी, दोन्ही वरच्या फळीवर.

कांदा-लसणाचं प्रकरण जास्त फसवं आहे. कच्चा असो, फोडणीतला असो, नाहीतर कांदा-लसूण मसाल्यातली पूड असो, तो तांबड्या पेशी फोडतो. परिणाम दिसायला काही दिवस जातात. हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, पिल्लू मलूल पडून राहतं, आणि चार दिवसांपूर्वी चाटून स्वच्छ केलेली पोह्यांची डिश तोवर कुणाच्या लक्षातही नसते. चॉकलेटचं बहुतेकांना माहीत असतं. शुगर-फ्री च्युइंगगममध्ये साखरेऐवजी घालतात त्या झायलिटॉलचं नसतं. त्याने पिल्लाच्या रक्तातली साखर तासाभरातच धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

आजी-आजोबांना ‘काही देऊ नका’ म्हणून सांगणं फुकट आहे. त्यांच्या हाताशी उकडलेल्या गाजराच्या बारीक तुकड्यांची डबी ठेवा आणि ‘यातलंच द्या’ म्हणा. देण्याचं सुख त्यांना मिळायलाच हवं.

खाली असलेलं देवघर

परदेशी पुस्तकांतल्या याद्यांमध्ये देवघर नसतं, म्हणून ते राहून जातं. तुपात भिजवून निरांजनात ठेवलेली फुलवात पिल्लाच्या दृष्टीने तुपाचा घास आहे. पेटलेली असेल तर तोंड भाजतं, विझलेली असेल तर कापसासकट पोटात जाते. शेजारच्या डबीतला कापूर विषारी आहे, थोडा खाल्ला तरी झटके येऊ शकतात. देवघर वर नेणं शक्य नसेल तर त्याला दार लावून घ्या आणि समई पेटती असताना पिल्लाला तिथे एकटं सोडू नका.

स्वच्छतेचा अतिरेक

नवीन पिल्लू जागोजागी शू करतं, म्हणून दिवसातून तीनदा फिनाईल. ओल्या फरशीवर चाललेलं पिल्लू नंतर पंजे चाटतं, हे लक्षात येत नाही. पुरेसं पातळ करून पुसा आणि फरशी खडखडीत वाळेपर्यंत त्याला दुसरीकडे ठेवा. कपाटातल्या, बेसिनमधल्या डांबरगोळ्या काढून टाका.

घरात आधीचं पिल्लू पार्व्हो या विषाणूने गेलं असेल तर साध्या फिनाईलने तो विषाणू मरत नाही आणि तो कित्येक महिने टिकतो. त्यासाठी कपड्यांचं ब्लीच साधारण तीसपट पाण्यात मिसळून फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावं लागतं, मग साध्या पाण्याने पुसायचं. लसींचा क्रम पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत चालतो, तोवर बाहेरच्या चपला घरात आणू नका. विषाणू तळव्यांना चिकटूनही येतो.

बाल्कनी आणि वायरी

ग्रिलमधून डोकं गेलं की मागचं अंगही जातं, एवढाच नियम. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका, पिल्लू ती कुरतडतं. खालच्या दोन-अडीच फुटांना वेल्डमेशची लोखंडी जाळी बांधून घ्या. कुंड्यांपैकी सायकस आणि कण्हेर आधी बाहेर काढा, दोन्ही जीवघेणी आहेत. मनी प्लांटने तोंडाची आग होते, तो उंच टांगला तरी चालेल. वायरींसाठी महागडी कव्हरं घेण्याआधी बोर्डावरचं बटण बंद करायची सवय लावा. शॉक बसलाच तर आधी मेन स्विच, मग पिल्लाला हात. लगेच ठीक वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनीही साचू शकतं.

तोंडातलं हिसकावून घेणं

पिल्लाने मोजा किंवा रबरबँड उचलला की सगळं घर ओरडत मागे धावतं. पिल्लाला दोनच गोष्टी कळतात: हा खेळ आहे किंवा ही वस्तू फार मोलाची आहे. दोन्ही वेळा ते वस्तू पटकन गिळून टाकतं. त्याऐवजी शांतपणे चिकनचा तुकडा त्याच्या नाकासमोर धरा. तोंड आपोआप उघडतं.

गिळल्यावर घरगुती उपाय

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं हा सर्वांत वाईट उपाय. जास्तीचं मीठ हेच लहान जिवाला विष ठरतं. टॉयलेट क्लीनरसारखं जळजळीत काही पोटात गेलं असेल तर ओकारीने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. ‘विषावर दूध’ हाही समज सोडा. डांबरगोळीवर दूध-तूप दिलं तर ती उलट जास्त शोषली जाते. ‘माणसाला चालते म्हणून’ क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लॅम तर अजिबात नको.

वेळ घालवू नका. आपल्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना आधीच शोधून त्याचा नंबर आणि पिल्लाचं ताजं वजन फ्रिजवर लावून ठेवा. निघताना खाल्लेल्या वस्तूचं पाकीट सोबत घ्या. उंदराच्या औषधांत दोन मुख्य जाती आहेत आणि उपचार वेगवेगळे. रक्त पातळ करणारा केक खाल्ला तरी पिल्लू तीन-चार दिवस ठणठणीत दिसतं, म्हणून वाट बघायची नाही. वेळेत गेलात तर ‘के1’ जीवनसत्त्वाने ते वाचू शकतं. काळ्या पुडीतल्या झिंक फॉस्फाइडचा पोटात वायू होतो आणि त्या ओकारीचा वास माणसालाही बाधतो, तेव्हा रिक्षा असो की गाडी, काचा उघड्या ठेवूनच जा.