पापलेटाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा घोषित केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे. मच्छीमार सोसायटीच्या सभेत हा नियम पटवायचा, तर "मासा वाचवा" एवढं पुरत नाही. रुपयांचा हिशेब लागतो, आणि गफलत तिथेच होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोडलेली सगळी पिल्लं जगतील असं धरणं. समजा, किलोला २० नग बसणारी पिल्लं ३०० रुपयांना गेली. "हीच ४०० ग्रॅमची झाली असती तर ८ किलो!" असं म्हटलं की जुना तांडेल (होडीचा म्होरक्या) तिथेच अडवतो, आणि त्याचं बरोबर असतं. काही मरतात, काही मोठे मासे खातात. म्हणून निम्मीच जगली, त्यातलीही निम्मीच जाळ्यात आली असं धरा. ५ नग, २ किलो, हजाराच्या भावाने २,००० रुपये. इतकं कापूनही फायदा उरतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे आपल्या बंदरातले लिलावाचे भाव घाला.

पण ते २,००० कुणाच्या होडीत पडणार? मी सोडलेली पिल्लं उद्या शेजारचा ट्रॉलर उचलणार असेल, तर मी का सोडावीत? याला हावरटपणा म्हणणं अन्यायाचं आहे. स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच हे गणित मांडलं होतं: मासा सगळ्यांसाठी खुला असला की राखणाऱ्याचाच तोटा होतो. तेव्हा एकट्या नाखव्याला (होडीमालकाला) उपदेश करू नका. जाळ्याच्या आसाचा (भोकांच्या मापाचा) नियम आणि तपासणी सगळ्या बंदरांवर सारखी हवी, ही मागणी लावून धरा.

नुसती आवक बघून "मासा वाढला" म्हणू नका. होड्या, दिवस आणि डिझेल वाढलं तरी आवक वाढते. दर फेरीमागे किती मिळालं ते बघा.

भरपाईतही हीच नजर ठेवा. जाळं कापून कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी (व्हेल शार्क) सोडणाऱ्याला राज्याची योजना २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत देते. मात्र नुकसान नुसत्या जाळ्याचं नसतं. बर्फ, डिझेल, खलाशांची मजुरी आणि जाळं शिवून होईपर्यंत बुडालेले दिवसही त्यात धरा. सुटकेचे फोटो काढायला विसरू नका, पुरावा म्हणून तेच लागतात.